बक्षिसी, ओवाळणी, दौलतजादा : देण्याच्या रीतीविषयी

खापरच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला तेव्हा संयोजक जरा चपापलेच. तत्त्वज्ञानाचा म्हातारा प्राध्यापक, आणि बोलणार काय, तर टिपेवर! पण दाढी झाल्यावर न्हाव्याला दहा रुपये जास्त द्यायचे का, इथपासून सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशातल्या बाईला पैसे कसे द्यायचे, इथपर्यंत हा नीतिशास्त्राचाच प्रश्न आहे.

आधी शब्द पाहू. बक्षीस हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी देणं आणि माफ करणं, दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे देणारा वर, घेणारा खाली. दिवाळीची पोस्त वेगळी. ती गडीमाणसं हक्कानं मागतात, आणि मागण्यात लाज नसते. आता तमाशातला शब्द घ्या, दौलतजादा. त्याचा मूळ अर्थ 'दौलत वाढो'. पैसे घेणारी कलावंतीण देणाऱ्याला आशीर्वाद देते! पुढे आपण तिचा आशीर्वाद विसरलो आणि उधळलेल्या पैशालाच ते नाव दिलं.

मोडनिंब, चौफुला इथल्या संगीतबारीत रसिक लावणीची फर्माईश करतो आणि पैसे देतो. ते पैसे नाचणारीच्या एकटीच्या पदरात पडत नाहीत. पेटीवाला, तबलजी, पार्टीची मालकीण, थिएटरवाला, सगळ्यांचे त्यात वाटे असतात. तेव्हा तिथली टिप ही खुशीची गोष्ट नाही, तो पगारच आहे. देणाऱ्याला वाटतं मी मेहेरबानी करतोय, आणि तिकडं त्या पैशावर घर चालत असतं. टिपेतली सगळी गडबड इथं आहे, असं माझं मत.

हाच प्रश्न पुढे डान्सबारच्या रूपानं कोर्टात गेला. 2005 साली महाराष्ट्रानं बारमधल्या नाचावर बंदी घातली. मात्र तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट! तोच नाच महागड्या गालिच्यावर झाला की चालतो, हे मोठंच तत्त्वज्ञान. (हशा) 2006 साली मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग 2016 साली नवा कायदा आला. त्यात म्हटलं होतं की नर्तिकेवर पैसे उधळायचे नाहीत, आणि तिच्या हातातही द्यायचे नाहीत. टिप बिलात घाला.

17 जानेवारी 2019 रोजी न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती भूषण यांनी यावर निकाल दिला. उधळण्यावरची बंदी त्यांनी कायम ठेवली. पण हातात देऊ नका, बिलातूनच द्या, ही सक्ती काढून टाकली. टिप कशी द्यायची हे सरकारनं ठरवू नये, असा त्याचा आशय.

मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. बिलात गेलेला पैसा मालकाच्या गल्ल्यातून जातो. त्यातला बाईपर्यंत किती पोचतो, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. उधळलेला पैसा तिला जमिनीवरून वेचावा लागतो. हातात दिलेला पैसा तेवढा सरळ तिचा होतो, आणि देताना तिच्याकडं माणूस म्हणून पाहावं लागतं. कांटनं 1785 साली किंमत आणि प्रतिष्ठा असा भेद केला: किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू चालते, माणसाच्या जागी चालत नाही. नाचाची किंमत द्या. त्या किमतीत नाचणारी आली, असं धरू नका.

इथं तुम्ही मला अडवाल. गुजरातची हद्द इथून जवळ आहे, तुम्ही डायरो पाहिलेला असेल. तिथं गायकावर नोटांचा पाऊस पडतो, त्याचा कुठं अपमान होतो? बरोबर आहे. पण तिथं बऱ्याचदा तो पैसा गोशाळेला किंवा धर्मादायाला जातो, आणि गायक तर सन्मानानं गादीवर बसलेला असतो. त्याला वाकून काही वेचावं लागत नाही. म्हणजे हात एकच, नोट एकच, पण तिकडं मान वाढतो आणि इकडं जातो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार न करता, अवज्ञेनं दिलेलं दान तामस म्हटलंय. किती दिलं याचा तिथं हिशेबच नाही.

रोजच्या व्यवहारात काय करावं? न्हावी, पार्लरमधली मुलगी, वेटर, ज्यानं काम केलं त्याच्याच हातात द्यावं, आणि आवाज न करता. गर्दीत नाव पुकारून घ्यायचं असेल तर ती जाहिरात झाली. देता येत नसेल तर न देण्यातही पाप नाही. ठरलेला दर मात्र घासाघीस न करता द्यावा. बिलात आपोआप लावलेला सर्व्हिस चार्ज ही टिप नव्हे. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो सक्तीनं लावू नये असं सांगितलं, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. नको असेल तर काढायला सांगा, मग वेटरला हातात द्या. नुसतं पहिलंच करून उठू नका!

एक चिठ्ठी आलीय: 'लग्नात बँडवाल्यांवर नोटा ओवाळाव्यात का?' ओवाळा, पण ओवाळून त्यांच्या हातात द्या. नोटा उधळू नका, असं रिझर्व्ह बँकही सांगत आलीय. आणि वरात दोन तास लांबली असेल, तर ओवाळणी देऊन ते दोन तास फिटले असं समजू नका. त्या जादा वेळाचे पैसे वेगळे ठरवा. पुढची चिठ्ठी घेऊ या.