घरातील वायफाय बंद पडल्यास

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या समाजबांधवांचा मुंबई, ठाणे, लोद व अश्दोद येथील आप्तेष्टांशी असलेला संबंध आज बहुतांशी घरातील वायफायवर अवलंबून आहे. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रविवारी सकाळी नऊ वाजतात, तेव्हा मुंबईत सायंकाळचे साडेसहा आणि इस्रायलमध्ये दुपारचे चार वाजलेले असतात. तिन्हीकडची माणसे मोकळी सापडण्याची वेळ ती एवढीच. नेमका त्याच वेळी आवाज तुटला, तर आठवड्याची भेट हुकते. म्हणून काही सोपे उपाय येथे देत आहोत.

प्रथम दोष कोठे आहे हे ठरवावे. एकाच फोनवर अडचण असेल, तर तो बंद करून पुन्हा सुरू करावा. सर्वच उपकरणे अडली असल्यास संगणक तारेने राउटरला जोडून पाहावा. तारेवर काम सुरळीत चालले, तर दोष बिनतारी लहरींत आहे. न चालल्यास मोडेम, राउटर अथवा बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे, असे समजावे. अशा वेळी मोडेम व राउटर या दोहोंचे प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे. मग आधी मोडेम लावावा आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर लावावा. तरीही जोडणी न आल्यास कंपनीस कळवावे.

आता लहरींविषयी. १९८५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने काही लहरपट्टे विनापरवाना संदेशवहनास खुले केले. त्यांतील २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वायफाय वापरते आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. त्यामुळे स्वयंपाकघरात जेवण गरम होत असता बोलणे तुटले, तर नवल नाही. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. मात्र भिंती ओलांडण्यास २.४ चाच पट्टा अधिक बरा. शेजाऱ्यांची दाटी असलेल्या इमारतीत २.४ च्या पट्ट्यावर १, ६ वा ११ क्रमांकाचा चॅनेल ठेवावा, कारण हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. आरसा, धातूचे कपाट वा माशांची टाकी यांच्यामागे ठेवू नये.

दोन गोष्टींचे मात्र विस्मरण होऊ नये. घरचा दूरध्वनीही इंटरनेटवरून चालत असेल, तर जोडणी तुटताच त्यावरून ९११ लाही फोन लागत नाही. म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी मोबाइल सदैव चार्ज केलेला ठेवावा. तसेच ‘तुमचा राउटर बिघडला आहे’ असे सांगून आपण होऊन फोन करणाऱ्या अनोळखी माणसास पासवर्ड वा पैसे मुळीच देऊ नयेत. कंपनीच्या बिलावरील क्रमांकावर आपणच फोन करावा.

तरुण मंडळींनी हा क्रम मोठ्या मराठी अक्षरांत लिहून आजी-आजोबांच्या राउटरजवळ लावून ठेवावा, ही विनंती.