ऊन पाण्याची पायरी

यंदा पौषात जवळजवळ चाळीस वर्षांनी कोकणातल्या एका ऊन पाण्याच्या कुंडावर गेलो. लहानपणी ज्या पायरीवर उभं राहिलं की पाणी गुडघ्याला लागायचं, ती कोरडी ठणठणीत. पलीकडे एका लॉजचा बोअर चालू होता. कुंडाचंच पाणी तिथे खोल्याखोल्यांत नळाने जात होतं. मन विटलं.

आमच्या निफाडात गारठा वाढला की आजीचे गुडघे धरायचे आणि वडील तिला तिथे घेऊन जायचे. त्या वर्षांचं एवढंच आठवतं. १९९०नंतरचं दशक मात्र शिवारात उभं राहून पाहिलंय. आमची विहीर पन्नास फुटांची. कपारीतून उपळा फुटायचा, खाली हात धरला तर बोटं बधिर व्हायची. मग द्राक्षबागा वाढल्या, बोअर खोदणाऱ्या रिगच्या गाड्या आल्या. बांधाबांधावर राखाडी भुकटीचे ढीग पडले. पारावर बसून एक एजंट सांगायचा, "पाताळात समुद्र आहे, संपायचा नाही." त्याच्या शब्दावर गावाने कर्ज काढलं. आम्ही मोटार दर उन्हाळ्यात खाली सोडत गेलो आणि एका वैशाखात उपळा थांबला. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

भूगर्भातली उष्णता अक्षय आहे, हे आता ऐकतो तेव्हा तोच पार आठवतो. उष्णता टिकेल, मान्य. पण पाणी? आपल्या झऱ्यांखाली ज्वालामुखी धुमसत नाही. पावसाचंच पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. कोकणातल्या उन्हवऱ्याला ते ७० अंशांच्या आसपास असतं. या वाटेला फार वर्षं लागतात. पंपाला एक रात्र पुरते.

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआत घरोघरच्या बोअरांनी गरम कारंजी मंदावली. १९८६ साली सरकारने पोहुतू कारंजाच्या दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले. जमिनीखालची पातळी चढली, काही झरे पुन्हा वाहू लागले. आपल्याकडे १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला आडकाठी केली. ऊन पाण्याच्या कुंडांनाही तसंच कुंपण द्या. आणि कुंडाकाठच्या गावांनो, आजच पायरीवर पाण्याची खूण करून ठेवा.