धनी विलायतेत, मोटार अंगणात

पावसाळ्याच्या दिवसांत कोरगावच्या वाड्यावाड्यांतून फेरफटका मारणाऱ्याला एखाद्या अंगणाच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली झाकलेली मोटार हमखास दिसते. चाकांतील हवा केव्हाच गेलेली असते, टपावर माडाची चुडते पडलेली असतात आणि खाऱ्या हवेने दारांच्या कडा तांबड्या केलेल्या असतात. पाटीवरचा क्रमांक पेडण्याचा असतो. परंतु ज्याच्या नावे तो नोंदला गेला, तो तरुण इंग्लंडातील एखाद्या गोदामात रात्रपाळी करीत असतो. घरच्या म्हाताऱ्यांना विचारावे, तर 'झिलाची गाडी ती, तो येईल तेव्हा बघेल' एवढेच उत्तर मिळते. झील येतो तो चतुर्थीला, आठ-दहा दिवसांसाठी. त्या दिवसांत माटोळी बांधायची की वाहतूक खात्याच्या कचेरीत खेटे घालायचे, याचा निर्णय तो कसा करतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गाव सोडून जाणे पेडणेकरांस नवे नाही. एके काळी मुंबई, नंतर आखाती देश आणि बोटीवरची नोकरी, ही वाट या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या तुडविली. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, आणि त्या पारपत्राच्या बळावर सासष्टी-बार्देशातील हजारो माणसे इंग्लंडात गेली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ३१ डिसेंबर २०२० रोजी, ती मुभा संपली. तरी पोर्तुगालचा दरवाजा उघडा आहे आणि आता पेडण्यातील घरांतूनही तेथे जाणारे निघू लागले आहेत. मुंबईला जाणारा मागे शेत ठेवून जाई, बोटीवर जाणारा घर. आजचा तरुण या दोहोंबरोबर एक यंत्र ठेवून जातो. शेत पडीक राहिले तर तण माजते, घर बंद राहिले तर कौले फुटतात. यंत्राचे तसे नसते. ते अंगणात गंजत असले तरी सरकारी दप्तरात जिवंत असते आणि त्याच्या प्रत्येक कृत्याचा जाब ज्याच्या नावे ते आहे त्यालाच द्यावा लागतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला एक निर्णय प्रत्येक स्थलांतरिताने समजून घ्यावा असा आहे. एका गृहस्थाने आपली मोटार विकली, घेणाऱ्याने ती दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. नोंदणीपुस्तकावरचे नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या मोटारीने अपघात केला. ती आपल्या ताब्यात नव्हती, आपण ती केव्हाच विकली होती, हे पहिल्या मालकाचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. ज्याचे नाव नोंदणीत, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईही त्यानेच द्यावयाची, असा निवाडा झाला. अपघातात सापडलेल्याने भरपाईसाठी हातोहात गेलेल्या मोटारीचा माग काढीत हिंडावे, हे न्यायालयास मान्य नव्हते. आणि आमच्या मते ते योग्यच होते.

आता हे कोरगावच्या अंगणात आणून पाहावे. धाकटा भाऊ वा शेजारचा मुलगा लग्नसराईत ती मोटार 'चालू राहावी म्हणून' बाहेर काढतो. विम्याची मुदत संपलेली आहे, हे कोणाच्या ध्यानात नाही. पंधरा वर्षांची नोंदणीही संपत आली आहे. पत्रादेवीच्या रस्त्यावर काही बरेवाईट घडले, तर विमाकंपनी नाही, चालविणाऱ्यापाशी पैसा नाही. उरतो तो नोंदणीपुस्तकातील धनी. तो समुद्रापलीकडे असला तरी त्याचे घर, त्याची बाग, बँकेतील त्याची ठेव येथेच आहे. नोटीस येते ती याच पत्त्यावर आणि ती घेण्यासाठी दार उघडतात ते सत्तरी ओलांडलेले वडील.

मग लोक वेळीच नाव का बदलीत नाहीत? केवळ आळस म्हणून हा प्रश्न झटकून टाकणे अन्यायाचे होईल. कायदा सरळ आहे: विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत खात्यास कळवावे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. परंतु परदेशी गेलेल्याच्या वाटेत कागदांचे कुंपण उभे राहते. मोटार कर्जावर घेतलेली असेल, तर कर्ज फिटूनही बँकेचा बोजा नोंदणीपुस्तकावरून उतरविलेला नसतो. संगणकावरील अर्जासाठी जो आकडा यावा लागतो, तो येथल्या दूरध्वनी क्रमांकावर येतो आणि तो क्रमांक धन्याने जाण्याच्या दिवशीच बंद केलेला असतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, पारपत्र परत करावे लागते आणि सहीखाली जोडावयाचे ओळखपत्र बदलते. वडिलांना मुखत्यारपत्र द्यावे, तर ते लंडन वा लिस्बन येथील आपल्या वकिलातीत जाऊन साक्षांकित करून घ्यावे लागते. एका जुन्या गाडीसाठी एक दिवसाची मजुरी कोण बुडविणार?

कागदाची किंमत काय असते, हे गोमंतकीयांना एकदा फार कठोरपणे कळले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तेथे राहणाऱ्या भारतीयांपैकी सुमारे पावणेदोन लाख माणसांना अम्मानहून विमानांनी मायदेशी आणले गेले. त्यांत गोमंतकीय पुष्कळ होते. वर्षानुवर्षांची कमाई, घरसामान आणि कुवेतच्या पाट्या लावलेल्या मोटारी तशाच टाकून ही माणसे हातातील एका पेटीनिशी घरी परतली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली भरपाईसाठी आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसे देण्याची व्यवस्था केली. एक लाख डॉलरपर्यंतच्या वैयक्तिक नुकसानीच्या अर्जांत मोटारगाडीसाठी निराळा रकाना होता, ही गोष्ट आज फारशी कोणास आठवत नाही. टाकून दिलेली गाडी परत येणे शक्यच नव्हते. पण ती आपल्या नावे होती, हे दाखविणारा कपटा ज्याने पळतानाही खिशात घातला होता, त्याला आपली मागणी मांडता आली. त्या आयोगाने शेवटचा हप्ता २०२२ साली फेडला. परक्या देशाच्या रणधुमाळीत टाकलेल्या मोटारीचाही हिशेब असा तीस वर्षांनी पुरा होतो आणि आपल्याच अंगणातील मोटारीचा मात्र लागत नाही!

कोरगावहून जवळच हरमलच्या किनाऱ्यावर याच्या उलट चित्र पाहावयास मिळते. युरोपातून रस्त्याने आलेल्या, घरासारख्या सजविलेल्या परदेशी पाट्यांच्या गाड्या तेथे हिवाळ्यात उभ्या असतात. त्या जकात न भरता आत येतात त्या 'कार्ने' नावाच्या पुस्तिकेवर. मालकाच्या देशातील मोटार संघटना तिला हमी राहते, सीमेवर येताना एक शिक्का पडतो व जाताना दुसरा. सामान्यतः सहा महिन्यांत गाडी देशाबाहेर गेली पाहिजे. न गेल्यास जकातीची मागणी हमीदाराच्या द्वारे थेट मालकाच्या दारात पोहोचते. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा अडकून पडलेल्या या प्रवाशांना पोटापाण्याइतकीच त्या पुस्तिकेच्या मुदतीचीही चिंता होती. परक्याच्या गाडीला आपण एवढे बांधून ठेवतो. आपल्या माणसाने देश सोडताना गाडीचे काय केले, हे मात्र कोणीही विचारीत नाही.

इंग्लंडातून कायमचे परतणाऱ्यासही तेथील गाडी सहसा बरोबर आणता येत नाही; तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार आयात करण्यास आपल्याकडे बंदीच आहे. ती तेथेच विकावी वा मोडीत काढावी लागते. मोडीत काढायची तर ती अधिकृत केंद्रातच द्यावी लागते, तेथून नाशाचा दाखला मिळतो आणि खात्यास कळविले नाही, तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तेथे हा नियम निमूटपणे पाळणारा आमचा माणूस कोरगावची गाडी मात्र भंगारवाल्याला तोंडी व्यवहाराने देऊन मोकळा होतो. भंगारवाला ती तोडतो, लोखंड वजनावर जाते, पण नोंदणी तशीच राहते. कधी तर गाडी तोडलीही जात नाही; पाटीसकट दुसऱ्या जिल्ह्यात धावू लागते. मोटार कायमची निकामी झाल्यास चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे १९८८ च्या कायद्यात स्पष्ट सांगितले आहे. २०२१ साली मोडीत काढण्याच्या नोंदणीकृत केंद्रांचे नियमही झाले. ठेवून द्यावी म्हटले तर तेही स्वस्त राहिलेले नाही: पंधरा वर्षांच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करून घेण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या गाडीला २०२५ पासून दहा हजार मोजावे लागतात.

१९६१ नंतर जे लिस्बनला निघून गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी गोव्यात १९६४ साली निष्क्रांतांच्या मालमत्तेचा कायदा करावा लागला आणि अभिरक्षक नेमावा लागला. आज जाणाऱ्यांचे अभिरक्षक त्यांचे आईवडील आहेत; त्यांच्यापाशी ना अधिकार, ना कागद. जाणाऱ्याने विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी एक दिवस मोटारीसाठी राखून ठेवावा. विकायची नसेल, तर ती वडिलांच्या वा भावाच्या नावे करावी. आता नोंदणीपुस्तकात वारसाचे नाव नोंदविण्याची सोय झाली आहे, तिचाही लाभ घ्यावा. जो आधीच गेला आहे, त्याने वकिलातीत पारपत्राच्या कामासाठी जाईल त्याच दिवशी मुखत्यारपत्रही करून घ्यावे.

सरकारकडेही मागणी आहे, ती लहानशीच. चतुर्थीपूर्वीचा आठवडा आणि डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा हे आमचे परदेशस्थ घरी असण्याचे दिवस. त्या दिवसांत पेडणे व डिचोली येथील वाहतूक कचेऱ्यांत केवळ परदेशस्थांच्या गाड्यांसाठी एक खिडकी उघडावी. बँकेचा बोजा उतरविणे, नावबदल आणि नोंदणी रद्द करणे ही तिन्ही कामे एकाच मेजावर, त्याच दिवशी व्हावीत. पंचायतींनी आपापल्या वाड्यांतील अशा गाड्यांची यादी त्याआधी खात्याकडे धाडावी. या वर्षीच्या चतुर्थीस अजून अवकाश असेल, तर आदेश काढण्यास तेवढा वेळ पुरेसा आहे.