फूल हलवणारं कुणीतरी हवं

टोमॅटोच्या फुलात मकरंद नसतो. पिवळ्या पाकळ्यांमधून जो सुळका पुढे येतो, ती परागकोश एकमेकांना चिकटून झालेली नळी असते. तिचं तोंड टोकाशी आणि स्त्रीकेसर तिच्या मधोमध. फलनासाठी दुसऱ्या झाडाची गरज नाही, एकाच फुलात सगळं आहे. पण मिठाची डबी उपडी धरून हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसा फूल थरथरल्याशिवाय पराग नीट झडत नाही. उघड्या शेतात हे काम वारा करतो, जोडीला रानातल्या माश्या असतात. पॉलिहाऊस बांधलं की आपण या दोघांनाही बाहेर ठेवतो.

हरितगृहातल्या टोमॅटोची चर्चा बहुतेक वेळा विद्राव्य खतांभोवती फिरते. खत महत्त्वाचं आहेच. पण झाड हिरवंगार, तारेपर्यंत चढलेलं आणि घोसात फळं मात्र मोजकी, असं दिसलं तर आधी फुलाकडे पाहायला हवं. फळाच्या आत वाढणाऱ्या बिया संप्रेरकं तयार करतात आणि त्यांच्या जोरावर गर वाढतो. बिया कमी पडल्या की फळ लहान राहतं, आतून पोकळ किंवा अंगानं कोनेदार होतं. फळधारणेसाठी संप्रेरकाची फवारणी करता येते, पण मग असंच पोकळ फळ मिळण्याचा धोका असतो.

युरोपातल्या काचगृहांत पूर्वी मजूर हातात कंपन देणारं यंत्र घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येक घोसाला टेकवत फिरायचे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर रोलाँ द याँग या बेल्जियन पशुवैद्यकानं बंबलबी ही केसाळ, गुबगुबीत माशी हे काम उत्तम करते हे ओळखलं. १९८७ मध्ये त्यांनी ‘बायोबेस्ट’ ही कंपनी काढून या माश्यांच्या वसाहती विकायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच हातातली यंत्रं मागे पडली.

ही माशी सुळक्याला जबड्यानं घट्ट धरते आणि पंख न फडफडवता उडण्याचे स्नायू थरथरवते. ते कंपन सेकंदाला काहीशे वेळा होतं आणि पराग तिच्या पोटावर झडतो. मधमाशीला ही कला येत नाही, म्हणून मधमाश्यांची पेटी आणून ठेवली तरी टोमॅटोला तिचा फारसा उपयोग नाही. बंबलबीच्या जबड्याचे ठसे सुळक्यावर तपकिरी डाग होऊन राहतात. माश्या कामावर आहेत की नाहीत, हे तिथले शेतकरी ते डाग पाहूनच ठरवतात. फुलात मकरंद नसल्यानं वसाहतीसोबत साखरेचं पाणीही द्यावं लागतं.

या माशीनं आणखी एक मोठं काम केलं. ती जिवंत ठेवायची तर जहाल कीटकनाशकं बंद करणं भाग होतं. मग पांढऱ्या माशीसाठी ‘एन्कार्सिया फॉर्मोसा’ ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलवर्गीय माशी अधिक वापरात आली. ती पांढऱ्या माशीच्या पिलात अंडं घालते आणि ते पिलू काळं पडतं. इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकातच तिचा वापर सुरू झाला होता, पण डीडीटीच्या लाटेत ती बाजूला पडली होती.

महाराष्ट्रात अडचण उलटी आहे. युरोपात काचगृह ऊब धरून ठेवतं, इथे उष्णता बाहेर काढायची असते. बोकड्या रोग पसरवणारी पांढरी माशी आत येऊ नये म्हणून बारीक जाळी लावली की हवा कोंडते. दिवसा ३२ आणि रात्री २१ अंशांच्या वर पारा रेंगाळला की पराग दुबळा होतो आणि फुलगळ वाढते. दमटपणा फार झाला तर पराग चिकटून बसतो. म्हणून रोपांची गर्दी टाळणं, बगलफूट वेळेवर काढणं, खालची जुनी पानं उतरवणं ही कामं फळधारणेचीच आहेत, कारण त्यांनी झाडांमधून हवा खेळते.

बंबलबी आपल्या देशात राहते ती हिमालयाच्या थंड पट्ट्यात. परदेशी जात आणून सोडणं मला धोक्याचं वाटतं. चिलीमध्ये १९९०च्या दशकाअखेरीस परागीकरणासाठी आणलेली युरोपीय बंबलबी रानात पसरली आणि तिथली मूळची मोठी नारिंगी जात झपाट्यानं कमी झाली. जपानमध्येही ही युरोपीय बंबलबी हरितगृहांतून निसटली आणि २००६ मध्ये तिच्यावर कायद्यानं निर्बंध आले.

आपल्या वांग्याच्या शेतात सकाळी नीट पाहिलं, तर फुलाला लोंबकळून घुमणारे काळे भुंगे दिसतात, पोटावर निळे पट्टे असलेल्या लहान माश्याही दिसतात. दोघांनाही थरथरवण्याची कला येते. मुख्य भूमीवर बंबलबी नसलेल्या ऑस्ट्रेलियात तिथल्या निळ्या पट्ट्यांच्या माश्यांवर काचगृहांत प्रयोग झाले आणि टोमॅटोची फळधारणा चांगली झाली. पण ही माशी वसाहत करून राहत नाही, प्रत्येक मादी मातीत आपलं वेगळं बीळ करते. म्हणून तिला पेटीत वाढवून विकणं अवघड जातं. आपल्या कृषी संशोधकांनी या माशीमागे लागावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर हाताला पर्याय नाही. दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत, पराग कोरडा आणि मोकळा असतो. त्या वेळी झाडं बांधलेली वरची तार काठीनं हलकेच ठोकत ओळीतून जायचं, एक दिवसाआड, फुलं येत आहेत तोवर.