मुलांच्या नावाची पुंजी

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या आपल्या शिक्रापुरात दोन प्रकारचा पैसा येतो. एक जमिनीचा. शेत विकले गेले म्हणजे तो एकदम हाती पडतो. दुसरा पगाराचा. सणसवाडी आणि रांजणगाव येथील कारखान्यांतून तो महिन्याच्या महिन्यास, मोजूनमापून घरी येतो. पहिला मोठा, दुसरा लहान. तरी मुलांच्या भवितव्याच्या दृष्टीने आम्हांस दुसऱ्याचाच भरवसा अधिक वाटतो.

कारण मोठ्या रकमेला वाटा फार. घर, गाडी, भाऊबंदांचे हिस्से, थाटाचे लग्न. आणि मग जे उरेल ते मुलांचे. मुलांसाठी उरलेले ठेवावयाचे, हीच आपली मूळ चूक. त्यांचा वाटा आधी काढावा आणि उरलेल्यात संसार करावा.

आपल्या घरांत बचतीची सवय नाही असे नव्हे. सोने घेतो, भिशी लावतो. परंतु सोने घरात अडचण आली की प्रथम गहाण पडते, आणि भिशीत शिस्त असली तरी व्याज नसते. पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की बँकेतील ठेवीला २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही.

मुलीसाठी २०१५ साली सुकन्या समृद्धी योजना निघाली. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावे पोस्टात किंवा बँकेत हे खाते उघडता येते. वर्षाला निदान २५० रुपये भरावे लागतात. पैसे १५ वर्षे भरावयाचे, खाते २१ वर्षांनी पुरे होते. व्याजाचा दर सरकार दर तिमाहीस ठरविते. मुलाकरिता १९६८ साली सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आहे. त्याची मुदत १५ वर्षांची.

आता थोडा हिशेब करू. दर वर्षाच्या आरंभी १२,००० रुपये भरले आणि व्याज सरासरी ८ टक्के धरले, तर जन्मतः उघडलेल्या सुकन्या खात्यात मुलगी अठरा वर्षांची होईल तेव्हा सुमारे ४ लाख ४३ हजार रुपये असतील. तेच खाते नवव्या वर्षी उघडले तर सुमारे १ लाख ६२ हजार. हा फरक केवळ जास्त भरलेल्या हप्त्यांचा नव्हे. पुष्कळसा भाग व्याजावरील व्याजाचा, म्हणजे काळाचा आहे. हरवलेला पैसा पुन्हा मिळेल, हरवलेली नऊ वर्षे मिळणार नाहीत.

परंतु महागाईही स्वस्थ बसत नाही. ती ६ टक्के धरली तर आज १ लाखात होणाऱ्या शिक्षणाला अठरा वर्षांनी सुमारे २ लाख ८५ हजार लागतील. म्हणून पगार वाढला की हप्ताही वाढवावा.

शेवटी एक गोष्ट. या खात्यातील निम्मी शिल्लक, मुलगी दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर, उच्च शिक्षणासाठी काढता येते. लग्नासाठी खाते बंदही करता येते. कायद्याने दोन्ही वाटा मोकळ्या ठेविल्या आहेत. कोणती धरावयाची हे आपल्या हाती. मांडवावर खर्चलेला पैसा दोन दिवसांत संपतो. शिक्षणावर खर्चलेला पैसा ती मुलगी जन्मभर कमावीत राहील, आणि पुढे तिच्या मुलांचे खाते ती स्वतः उघडील.