शरद ऋतूतील किनारी पक्षिनिरीक्षण : ठाणे खाडीच्या संदर्भात

प्रस्तावना :
पावसाळा ओसरू लागताच कोकण किनाऱ्यावर उत्तरेकडील पाहुण्या पक्ष्यांचे आगमन सुरू होते. मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येणाऱ्या या पक्ष्यांसाठी मुंबई व नवी मुंबई यांच्यामधील ठाणे खाडी हे एक महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. २०१५ मध्ये येथे १,६९० हेक्टर क्षेत्राचे रोहित पक्षी अभयारण्य घोषित झाले, तर २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आगमनाचा क्रम :
ऑगस्टच्या अखेरीपासून चिखल्या, तुतवार, टिलवा, पाणटिवळा हे चिखलपक्षी दिसू लागतात. अनेक जातींमध्ये प्रौढ पक्षी आधी व त्या वर्षीची पिल्ले नंतर स्वतंत्रपणे येतात. प्रारंभी प्रौढांच्या अंगावर विणीच्या हंगामातील तांबूस पिसारा शिल्लक असतो. पुढे तो झडून करडा होतो. त्यामुळे शरदात एकाच जातीचे पक्षी भिन्न रूपांत आढळतात व ओळख पटविताना चोचीची लांबी, पायांचा रंग आणि चरण्याची पद्धत यांवर भर द्यावा लागतो. कुरव व सुरय यांचे थवे पाठोपाठ येतात. रोहित पक्षी साधारणतः त्यानंतर जमू लागतात.

भरती-ओहोटी व निरीक्षणाची वेळ :
या पक्ष्यांची दिनचर्या सूर्यापेक्षा समुद्राच्या पाण्यावर अधिक अवलंबून असते. ओहोटीच्या वेळी ते दूरवर पसरलेल्या चिखलात कृमी, शिंपले टिपतात. भरतीचे पाणी चढू लागले की ते किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून पूर्ण भरतीपूर्वीचे दोन तास निरीक्षणास सर्वोत्तम होत. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची स्थूल वेळ मिळते, हा कोकणातील परंपरागत हिशेब येथे उपयुक्त ठरतो. चतुर्थीस सुमारे तीन वाजता व अष्टमीस सुमारे सहा वाजता भरती येते.

या हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्यास महाविद्यालयीन गणना सदोष ठरते. दर रविवारी सकाळी सातला गणना केली, तर अष्टमीच्या रविवारी भरती नुकतीच होऊन गेलेली असते व पक्षी विसाव्याच्या जागी एकवटलेले असतात. पुढील रविवारी, पौर्णिमेच्या सुमारास, त्याच वेळी ओहोटी असून पक्षी दूर विखुरलेले असतात. नोंदीत दिसणारी घट अशा वेळी पक्ष्यांची नसून पाण्याची असते. यास्तव गणना घड्याळाच्या नव्हे, तर भरतीच्या समान अवस्थेत करावी आणि नोंदवहीत तिथी व भरतीची वेळ अवश्य लिहावी.

विसाव्याच्या जागा :
भरतीच्या काळात चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा चिखलपक्ष्यांना मिठागरे, उथळ पाणथळी व बांध यांचा आधार लागतो. नेरूळ परिसरातील पाणथळींसारख्या अशा काही जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. भराव पडून त्या नष्ट झाल्यास संरक्षित चिखलही पक्ष्यांच्या पुरेसा उपयोगी राहणार नाही; कारण चरणे आणि विसावणे या एकाच जीवनक्रमाच्या दोन बाजू आहेत.

निष्कर्ष :
शरदातील पक्षिनिरीक्षण हे केवळ छंदाचे साधन नाही. समान अवस्थेत, सातत्याने ठेवलेल्या नोंदींमधूनच कोणती पाणथळ पक्षी खरोखर वापरतात हे सिद्ध करता येते. असा पुरावा संकलित करणे महाविद्यालयांच्या आवाक्यातील कार्य आहे.