एकट्यानं, सायकलवर, उन्हातून: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या राशीनचे नितीन सोनवणे 2016च्या नोव्हेंबरमध्ये सेवाग्राम आश्रमातून सायकल घेऊन निघाले. शांततेचा आणि गांधीविचारांचा संदेश घेऊन ते चाळीसहून अधिक देश फिरले. त्या देशांतले कितीतरी उष्ण कटिबंधातले. आपल्याच तालुक्यातलं इतकं जवळचं उदाहरण समोर असूनही, एखाद्या मुलानं लांबच्या सायकलप्रवासाचा विषय काढला की घरातून तीच वाक्यं येतात. उन्हात मरशील. एकटा कुठं जातोस, लुटतील. गुडघे कायमचे जातील. असल्या प्रवासाला लाखाची सायकल लागते. यातलं काही साफ चूक आहे. काहींमागची भीती खरी आहे, पण ती भलत्याच गोष्टीची धरली जाते आणि ज्यानं खरोखर जीव जातो ते बोलायचंच राहून जातं.

उष्ण देश म्हणजे जंगल आणि पाऊस?

उष्ण कटिबंध म्हटलं की डोळ्यांपुढे ॲमेझॉन येतं. पण कर्कवृत्त महाराष्ट्राच्या वरून, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून जातं. म्हणजे अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच आहे. कर्जतला मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. युरोपात हे कधीच घडत नाही.

या कटिबंधात हवा किती वेगवेगळी असू शकते हे पाहायचं तर दोन कर्जत शेजारी ठेवावीत. रायगड जिल्ह्यातलं कर्जत घाटाच्या पायथ्याशी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचं. आपलं कर्जत सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास समाधान मानणारं; तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट राहतात ते याच कोरड्या माळामुळे. अक्षांशात जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक, पण सायकलवाल्याच्या दृष्टीनं हे दोन वेगळे देश आहेत. केनियाचा कोरडा उत्तर भाग आणि पनामाची दमट किनारपट्टी यांच्यात असतो तसाच फरक. त्यामुळे ‘उष्ण देशातून जायचंय, काय काय घेऊ?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. आधी विचारायचं ते हे, की तिथली हवा कोरडी आहे की दमट.

ऊन मारतं, पण कसं?

नगरकडे बेचाळीस अंश असताना सायकल चालवणं हे रत्नागिरीत चौतीस अंशाला चालवण्यापेक्षा नेहमीच जास्त धोक्याचं, असा सरसकट समज आहे. पण शरीर थंड होतं ते घाम येऊन नव्हे, घाम वाळून. कोरड्या हवेत तो पटकन वाळतो. इतका पटकन, की अंग कोरडंच वाटतं आणि किती पाणी गेलं याचा पत्ता लागत नाही. दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून कोकणातला चौतीस अंशाचा चढ कित्येकदा आपल्या माळावरच्या बेचाळीस अंशापेक्षा घातक ठरतो. कोरड्या मुलखातली चूक वेगळी असते: पाणी कमी पडतं.

सायकलचा एक फायदा चालणाऱ्याला मिळत नाही. ताशी पंधरा-वीस किलोमीटरनं जाताना स्वतःचाच वारा तयार होतो आणि घाम वाळतो. खरी कसोटी चढावर लागते. वेग पाच-सहावर येतो, वारा थांबतो आणि कष्ट दुप्पट होतात. उन्हाचा त्रास तिथं आणि थांबल्यावर पहिल्या दहा मिनिटांत होतो. चढ सकाळी उरकायचे, हा जुन्या सायकलवाल्यांचा नियम यातूनच आलेला आहे.

‘आपण उन्हातलीच माणसं, आपल्याला सवय आहे’ हेही तपासून घ्यायला हवं. शेतात राबणाऱ्याला सवय असते, हे खरं. पण पुण्यात पंख्याखाली किंवा एसीत वर्षभर बसून आलेला कर्जतकर हा उन्हाच्या बाबतीत कर्जतकर राहत नाही. शरीराला उष्णतेत कष्ट करायची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्ताचं प्रमाण वाढतं. ही सवय पुन्हा थंडाव्यात राहिलं की काही आठवड्यांत उतरतेही. म्हणून पहिले आठ दिवस रोज थोडंच अंतर ठेवणं हा भित्रेपणा नाही.

आता पाण्याबद्दल. ‘पाणी पीत राहा, जितकं पिशील तितकं चांगलं’ हा सल्ला प्रेमानं दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. उन्हात कष्ट करताना तासाला लिटरभर किंवा जास्तही घाम जातो आणि त्याबरोबर सोडियम जातं. त्यावर तास न् तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळतो. सोबतचे म्हणतात पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी पाजतात. यात मृत्यू झालेले आहेत. तहान लागेल तसं प्यावं, जेवणात मीठ असू द्यावं. मीठ घातलेलं ताक, मीठ-साखरेचं लिंबूपाणी हे चांगलंच. जुलाब लागले तर मात्र ओआरएस, आणि पाकीट एक लिटरचं असेल तर ते एक लिटरमध्येच. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. दुकानातली खोक्यातली गोड पेयं यात बसतातच असं नाही, पाकिटावरचं सूत्र वाचून घ्यावं.

खिशातल्या कांद्याबद्दल लिहिलं नाही तर नगर जिल्ह्यात हा लेख अपुरा राहील. कांदा खिशात ठेवून ऊन लागायचं थांबत नाही. भाकरीबरोबर खाल्ला तर थोडं पाणी पोटात जातं, इतकंच. त्यापेक्षा आपल्या म्हाताऱ्यांचा पोशाख जास्त शहाणा आहे: सैल, पांढरा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला ओलं उपरणं. परदेशी प्रवासी उघड्या दंडांनी निघतात आणि चार दिवसांत पूर्ण बाह्यांवर येतात.

आणखी एक समज तर जिवावर बेतणारा आहे: ‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही.’ घरात बसलेल्या वृद्धाला उष्माघात होतो तेव्हा कातडी बहुधा कोरडी असते. कष्ट करताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं भिजलेलाही असू शकतो. खूण घामाची नसून वागण्याची आहे. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर, तोल जाणं, चिडचिड. शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं. अशा वेळी 108 ला फोन आणि त्याच क्षणी पाणी ओतायला सुरुवात. विहिरीचं, टाकीचं, बोअरचं, जे असेल ते, भरपूर. आधी गार करायचं, मग हलवायचं. एकट्या प्रवाशाला स्वतःचं बरळणं स्वतःला कळत नाही. एकटं जाण्यातला सगळ्यात मोठा धोका मला हा वाटतो, चोरांचा नव्हे.

मग रात्री जावं?

नाही. उष्ण देशात रात्रीचा गारवा मोहात पाडतो, पण रस्त्यावरचे अपघात अंधारात गाठतात. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर मागं लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या किती असतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय विषुववृत्ताजवळ उन्हाळ्यातही दिवस फारसा मोठा होत नाही आणि संधिप्रकाश थोडाच टिकतो. युरोपीय प्रवाशांची वर्णनं वाचून रात्री नऊपर्यंत उजेड मिळेल असं कुणी धरलं तर साडेसहाला अंधारात अडकतो. तांबडं फुटताना निघावं, अकराच्या सुमारास सावली धरावी, चारनंतर पुन्हा थोडं चालवावं.

गुडघे आणि लाखाची सायकल

सायकलनं गुडघे जात नाहीत; पावलागणिक बसणारा दणका तिच्यात नसतोच. गुडघे दुखतात ते खाली ठेवलेल्या सीटमुळे. गावाकडे सीट इतकी खाली असते की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. त्यानं पेडल मारताना गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्यानं चालवताना गुडघा किंचितच वाकतो. दुसरं कारण, जड गिअरवर जोर काढणं. हलका गिअर, भराभर पाय.

मऊ, रुंद सीट जास्त आरामाची असते हा समज दोन दिवसांत गळून पडतो. मऊ गादीत माणूस रुततो, घासलं जातं, फोड येतात. दमट हवेत त्याच जागी नायटा होतो. प्रवास अर्धवट सोडायला लावणारी ही गोष्ट लाजेपोटी कुणी बोलत नाही. चड्डी रोज धुऊन पूर्ण वाळवणं, हा त्यावरचा साधा उपाय.

सायकल भारी असण्यापेक्षा वाटेत दुरुस्त होणारी असावी. लोखंडी फ्रेम मोडली तर कुठल्याही गावात वेल्डिंगवाला जोडून देतो. कार्बनची मोडली की प्रवास थांबला. टायर कुठल्या मापाचा हे निघण्याआधी पाहावं. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचं अठ्ठावीस इंची टायर गावोगाव मिळतं, पण ते नव्या हायब्रीड सायकलीच्या रिमवर बसत नाही, जरी दोन्हींना लोक अठ्ठावीसच म्हणत असले तरी. रेसिंग सायकलीच्या बारीक व्हॉल्व्हला गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. चार पैशांचा ॲडॉप्टर खिशात असावा. आणि आपल्या भागात, बाभळीच्या काट्यांच्या मुलखात, पंक्चर काढता येत नसेल तर कितीही भारी सायकल ढकलतच न्यावी लागते. सामान पाठीवरच्या सॅकमध्ये नको. पाठ घामानं भिजते आणि कंबर धरते. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी, खालच्या अंगाला.

घाटाला सगळे घाबरतात, वाऱ्याला कुणी घाबरत नाही. घाटाला उतार असतो, समोरच्या वाऱ्याला नसतो. ताशी पंधरानं जाताना समोरून वीसचा वारा आला, तर हवेचा अडथळा बिनवाऱ्याच्या दिवसाच्या पाचपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. जून ते ऑगस्ट आपल्या माळावर पश्चिमेचा वारा असतो. त्या दिवसांत कर्जतहून पुण्याकडे निघणाऱ्यानं नेहमीच्या निम्मं अंतर धरावं. दिवाळीनंतर हा वारा पडलेला असतो.

लुटतील

पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 मध्ये एकटी सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाली आणि वयाच्या विसाव्या वर्षी सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर करून आली. चाकू दाखवून तिला लुटलं गेलं ते स्पेनमध्ये. अस्वल मागं लागलं ते कॅनडात. गरीब, उष्ण देश धोक्याचे आणि श्रीमंत, थंड देश सुरक्षित, ही मांडणी नकाशावर सोपी वाटते पण प्रवाशांच्या अनुभवाशी जुळत नाही. चोरी होत नाही असं नाही. पण सायकलवाल्याच्या जिवाला खरा धोका असतो तो मागून येणाऱ्या ट्रकचा, ज्याची घरात कुणी चर्चा करत नाही. आरसा, भडक रंगाचं जाकीट आणि ओव्हरटेकची वेळ येताच साइडपट्टीवर उतरायची तयारी, या तीन गोष्टी खिशातल्या चाकूपेक्षा कामाच्या आहेत.

कुत्री मागं लागतात ही भीती मात्र रास्त आहे. बहुतेक वेळा सायकलवरून उतरून सायकल मध्ये धरली की कुत्रं थांबतं. चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

एकटा माणूस एकाकी पडतो, असंही म्हणतात. चौघांचा गट गावात आला तर लोक लांबून बघतात. एकटा आला तर विचारतात, जेवलास का. ज्या जिल्ह्यातून त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला जाते, तिथं वाटसरूला देवळात, शाळेत, पडवीत जागा देण्याची रीत समजावून द्यावी लागत नाही. 1962 मध्ये शांतियात्री सतीश कुमार आणि ई. पी. मेनन दिल्लीहून खिशात पैसे न ठेवता पायी निघाले, ते अशाच रीतीवर भरवसा ठेवून. बाईनं एकटं जाण्याचा हिशेब मात्र वेगळा असतो, तो पुरुषानं हसण्यावारी नेऊ नये. मुक्काम अंधाराआधी आणि शक्यतो कुटुंबात, हे पथ्य तिथं जास्त काटेकोर लागतं.

नकाशावरचा रस्ता

अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत एकच सलग रस्ता आहे असं अनेकांना वाटतं. तो पनामा आणि कोलंबियाच्या मध्ये तुटतो. तिथल्या डॅरियन भागात शंभरेक किलोमीटर दलदल आणि जंगल आहे, रस्ता नाही. बोटीनं किंवा विमानानं ओलांडावं लागतं. मुंबईचे फ्रामरोझ दावर 1924 साली सायकलवर निघाले, व्हिएन्नापर्यंत एकटे आणि पुढे एका ऑस्ट्रियन सोबत्याबरोबर सहारा, अँडीज आणि ॲमेझॉन पार करून आले, तेव्हाही जंगलानं त्यांना सायकल उचलायला लावलीच होती.

कागदांत एक गोष्ट हमखास विसरली जाते. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून परत येताना लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर आपलाच भारत सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि 2016 पासून ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं. मच्छरदाणी घेतली म्हणजे डासांचा प्रश्न मिटला, असंही नाही. मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा, सावलीत टेकलेल्या सायकलवाल्यालाच.

ज्याला हे सगळं करून बघायचं आहे त्यानं दिवाळीनंतर कर्जत–राशीन–सिद्धटेक अशी एक फेरी सामान लादून काढावी, मग नगर–मिरजगाव–करमाळा–टेंभुर्णी करत पंढरपूर गाठावं. सीटची उंची, पाण्याचा अंदाज आणि पंक्चरचा हात या दोन फेऱ्यांत ठरून जातो. राहिला व्हिसा, तो मात्र पुण्या-मुंबईच्या खेपा घालायला लावतो.